काठ्या वाहणारा पोरगा : जॉन हेन्री टेलर

मंडळी, गोल्फचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे साहेब उभा राहतो. डोक्यावर टोपी, हातात काठी, पुढे पसरलेली हिरवीगार जमीन, आणि मागून ओझे घेऊन चालणारा एक पोऱ्या. हे चित्र काही खोटे नाही. इंग्रज जिथे गेला तिथे हा खेळ घेऊन गेला. कलकत्त्यास १८२९ साली गोल्फचा क्लब निघाला, मुंबईस १८४२ साली. पुढे पुण्यासारख्या छावणीच्या गावीही मैदाने झाली. तेव्हा हा पैसेवाल्याचा आणि सवडवाल्याचा खेळ, असे आपण धरून चालतो.

पण ह्या चित्रातल्या एका माणसाकडे आपले लक्षच जात नाही. तो म्हणजे मागून चालणारा पोऱ्या. चेंडू कुठे पडला हे त्यानेच बघायचे, कोणती काठी द्यायची हे त्यानेच ओळखायचे, आणि साहेब चुकला तर बोलणीही त्यानेच खायची. असा एक पोऱ्या इंग्लंडात होता. वयाच्या अकराव्या वर्षी त्याची शाळा सुटली आणि तो गोल्फच्या मैदानावर कामाला लागला. पुढे तो त्या खेळातला इंग्लंडचा पहिल्या प्रतीचा खेळाडू झाला. पण आज त्याची हकीकत सांगायची ती तेवढ्यासाठी नाही. स्वतः मोठा झाल्यावर त्याने आपल्यासारख्या बाकीच्या माणसांसाठी काय केले, ते सांगण्यासारखे आहे.

आधी खेळ कसा असतो ते थोडक्यात पाहू. आपली मुले गोट्या खेळताना जमिनीत गल करतात आणि गोटी नेमकी गलीत घालतात. विटीदांडूत दांडूने विटी लांब टोलवतात. ह्या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की गोल्फ कळतो. मैदानावर १८ ठिकाणी लहान गोल भोके केलेली असतात. एका ठरलेल्या जागेवरून चेंडू टोलवायचा आणि शेदोनशे ते पाचशे यार्डांवरच्या भोकात तो घालायचा. वाटेत वाळूचे खड्डे, ओढे, झुडपे, उंच गवत. भोकाजवळची जमीन मात्र गालिच्यासारखी कापलेली. ह्यात समोरासमोर झटापट नाही, धावाधाव नाही. किती टोल्यांत चेंडू भोकात गेला ते मोजायचे, आणि अठरा भोकांची बेरीज करायची. ज्याचे टोले कमी तो जिंकला. मोठ्या स्पर्धेत अशा चार फेऱ्या असतात, म्हणजे ७२ भोके.

हा खेळ वाढला स्कॉटलंडात. तिथेच १८६० साली प्रेस्टविक ह्या गावी एक स्पर्धा सुरू झाली. तिला 'ओपन' म्हणतात, म्हणजे सर्वांना खुली. आजही ती गोल्फच्या जगातली सर्वांत जुनी आणि मानाची स्पर्धा आहे. पहिली कित्येक वर्षे ती स्कॉटिश माणसेच जिंकत. १८९० साली जॉन बॉल आणि १८९२ साली हॅरल्ड हिल्टन ह्या दोघा इंग्रजांनी ती जिंकली खरी, पण ते दोघेही हौशी खेळाडू. पोटासाठी गोल्फ खेळणाऱ्या इंग्रजाच्या हाती ती अजून लागली नव्हती.

आता आपल्या पोऱ्याकडे वळू. त्याचे नाव जॉन हेन्री टेलर. जन्म १९ मार्च १८७१चा, इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन नावाचा परगणा आहे, तेथल्या नॉर्दम ह्या खेड्यातला. घर मजुराचे. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेले. गावाच्या खाली समुद्रालगत एक मोठे माळरान आहे. आपल्याकडे गायरान असते तसेच ते गावाचे चराईचे रान. ज्याच्या घरी चूल पेटते, त्याला तिथे आपली मेंढरे आणि घोडी चारायचा हक्क. ह्या हक्कदारांना तिथे 'पॉटवॉलपर' असे गमतीचे नाव आहे. पॉट म्हणजे भांडे, आणि वॉलप म्हणजे खदखदा उकळणे. ज्याच्या घरी भांड्याला उकळी फुटते तो हक्कदार, असा त्याचा सरळ अर्थ.

ह्याच गायरानावर १८६४ साली गोल्फचा क्लब निघाला. त्याचे नाव रॉयल नॉर्थ डेव्हन, पण लोक त्याला शेजारच्या वसाहतीवरून 'वेस्टवर्ड हो' असेच म्हणत. इंग्लंडात इतकी वर्षे मूळच्याच जागेवर खेळले जाणारे दुसरे जुने मैदान नाही. मैदान साहेबांचे झाले, तरी चराईचा हक्क गावाकडेच राहिला. आजही तिथे मेंढरे चरतात आणि खेळाडू त्यांना वळसा घालून खेळतात. जमीन गावाची, खेळ साहेबांचा आणि कष्ट गावच्या पोरांचे, अशी ती वाटणी होती. टेलर वाढला तो ह्या वाटणीत.

अकराव्या वर्षी शाळा संपली. त्या दिवसांत काठ्या ठेवायला पिशव्या सर्रास नव्हत्या. पोरे काठ्यांची मोळी बगलेत मारून साहेबाच्या मागे चालत. ह्या कामाला कॅडी असे म्हणतात. टेलरने ते केले. गावातच हचिन्सन नावाचे एक प्रतिष्ठित घराणे होते. त्यांच्या घरी तो वरकामाचा पोऱ्या म्हणून राहिला. त्या घरातला मुलगा होरेस हचिन्सन हा त्या काळचा नावाजलेला हौशी खेळाडू. १८८६ आणि १८८७ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने हौशी खेळाडूंची मोठी स्पर्धा जिंकली. त्याच्या काठ्या वाहता वाहता हे पोर खेळ बघत होते. शिकवणी कोणी दिली नाही. पाहणे आणि पाहून करणे, हीच त्याची शाळा.

पोटासाठी त्याने इतरही कामे केली आणि लष्करात भरती व्हायची खटपट केली. पण तळपाय सपाट आणि नजर अधू, म्हणून तिथे त्याला नाकारले. मौज अशी की ज्या सपाट पायांमुळे सैन्याने त्याला परत पाठवले, तेच पाय पुढे त्याच्या खेळाचे बळ ठरले. दोन्ही पाय जमिनीत रोवल्यासारखे ठेवून तो टोला मारी, आणि समुद्रावरच्या वादळी वाऱ्यातही त्याचा तोल जात नसे. मग तो मैदानाची निगा राखणारा मजूर झाला. गवत कापायचे, हिरवळ दाबून सारखी करायची, भोके नव्याने पाडायची, वाळू ओढायची. जमीन कुठे टणक आहे, कुठे मऊ, चेंडू कुठे उसळेल आणि कुठे बसेल, हे ज्ञान त्याला आले ते ह्या कामातून. शेतकऱ्याला आपल्या रानाची ओळख जशी पायांनी होते, तसेच हे.

नॉर्दममध्ये एक विशेष गोष्ट होती. १८८८ साली गावातल्या श्रमिकांनी आपला स्वतःचा गोल्फ क्लब काढला. साहेबांचा खेळ नसेल तेव्हा त्याच मैदानावर कामकरी माणसांनी खेळावे, असा तो बेत. टेलर त्यात खेळू लागला. पुढच्या हकीकतीत हा मजुरांचा क्लब आपण लक्षात ठेवू.

विशीत आल्यावर टेलरने गाव सोडले. सॉमरसेट परगण्यात बर्नहॅम येथे नवे मैदान झाले होते. तिथे तो मैदानाचा रखवालदार आणि खेळाचा शिक्षक म्हणून लागला. त्याच सुमारास अँड्र्यू कर्कल्डी ह्या नाणावलेल्या स्कॉटिश खेळाडूशी त्याची झुंज लागली आणि ह्या अनोळखी पोराने त्याला हरवले. कर्कल्डी दिलदार माणूस. तो त्या वेळी विंचेस्टरच्या क्लबात नोकरीस होता. ती नोकरी सोडून जाताना आपल्या जागी ह्यालाच घ्या, अशी शिफारस त्याने केली.

मग आले १८९४ साल. त्या वर्षी ओपन स्पर्धा पहिल्यांदाच स्कॉटलंडच्या बाहेर, इंग्लंडात भरली. जागा सँडविच, केंट परगण्यात, समुद्राकाठी. तिथे अशी वाळूची टेकाडे आहेत की पलीकडचे भोक दिसत नाही. म्हणून टेकडीवर दिशा दाखवायला खांब पुरलेले असतात. टेलरचे फटके इतके सरळ जात की ह्याला अडथळा आहे तो फक्त त्या खांबांचाच, असे लोक थट्टेने म्हणू लागले. चार फेऱ्यांत त्याने ३२६ टोले घेतले आणि पाच टोल्यांच्या फरकाने तो जिंकला. ओपन जिंकणारा तो पहिला इंग्रज धंदेवाईक खेळाडू. वय तेवीस. बक्षीस तीस पौंड.

आतापर्यंत आपण त्याला अरे-तुरे केले, कारण पोराला तसेच म्हणायची आपली रीत. पण येथून पुढे आपण त्यांना टेलर म्हणू आणि अहो-जाहो करू. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की इंग्लंडात तेव्हा नेमके हेच घडत नव्हते. वर्तमानपत्रात स्पर्धेचा निकाल छापून येई, त्यात हौशी खेळाडूच्या नावामागे 'मिस्टर' असे. धंदेवाईक खेळाडूचे मात्र नुसते आडनाव. हौशी म्हणजे जो आनंदासाठी खेळतो, ज्याला पैशाची ददात नाही. धंदेवाईक म्हणजे जो ह्या खेळावर घर चालवतो. पहिला सदगृहस्थ आणि दुसरा नोकर, अशी ती समजूत. क्लबाची इमारत असे, तिथे बैठकीची खोली असे, जेवणघर असे. तिथे धंदेवाईक माणसाला प्रवेश नाही. त्याची जागा बाहेरच्या खोपटात, आपल्या दुकानात. अख्ख्या देशाला हरवणारा विजेता असला, तरी त्याने दाराबाहेरच थांबायचे.

आता ह्या माणसाचे काम काय असे, तेही बघू या. पगार थोडा. खरी मिळकत दुकानाची. तो काठ्या स्वतः घडवी. डोक्याचा भाग कठीण लाकडाचा, आणि दांडा हिकरी नावाच्या अमेरिकन झाडाचा, कारण ते लवते पण मोडत नाही. तासणे, घासणे, सरस लावणे, सुतळी गुंडाळणे, हे सगळे सुताराचे काम. चेंडू मलायाकडच्या एका झाडाच्या चिकाचा असे. त्याला गट्टापर्चा म्हणतात. तो गरम करून साच्यात दाबायचा. त्याशिवाय सभासदांना शिकवायचे, मोडलेल्या काठ्या दुरुस्त करायच्या, आणि बोलावणे आले की जोडीला खेळायचे. आजारी पडला तर मिळकत बंद. म्हातारा झाला तर पुढे काय, ह्याला उत्तर नाही.

टेलर यांनी १८९५ साली स्कॉटलंडात सेंट अँड्र्यूजला पुन्हा ओपन जिंकली, तेव्हा पहिले यश नशिबाचे म्हणणारे गप्प झाले. १८९९ साली ते लंडनजवळ रिचमंड येथील रॉयल मिड-सरे क्लबात आले आणि १९४६ सालापर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षे, तिथेच राहिले. १९०० साली सेंट अँड्र्यूजला त्यांनी तिसऱ्यांदा ओपन जिंकली, ती आठ टोल्यांनी. त्या वर्षी दुसरे आले हॅरी व्हार्डन आणि तिसरे जेम्स ब्रेड. त्याच साली अमेरिकेची मोठी स्पर्धा शिकागोला झाली. तिथे व्हार्डन पहिले आणि टेलर दुसरे. फरक अवघा दोन टोल्यांचा.

टेलर, व्हार्डन आणि ब्रेड ही तीन नावे त्या काळात एकत्रच घेत. व्हार्डन हे जर्सी बेटावरच्या माळ्याचे चिरंजीव आणि स्वतःही माळीकाम केलेले. ब्रेड स्कॉटलंडच्या नांगऱ्याचा मुलगा, हाताने सुतार. टेलर मजुराच्या घरचे. तिघेही सव्वा वर्षाच्या आत जन्मलेले. १८९४ ते १९१४ ह्या एकवीस वर्षांत एकवीस ओपन झाल्या. त्यांपैकी सोळा ह्या तिघांनी जिंकल्या : व्हार्डननी सहा, टेलर यांनी पाच, ब्रेडनी पाच. माळी, सुतार आणि मजूर. श्रीमंतांच्या खेळातले पहिले तीन मान ह्या तीन घरांत गेले. अन् तरीही क्लबाचे दार त्यांना बंदच!

अशा वेळी माणूस दोन गोष्टी करू शकतो. आपले नाव झाले, चार पैसे हाती आले, आता बाकीच्यांचे ते बघून घेतील, असे म्हणायचे. नाहीतर मागे वळून बघायचे. टेलर यांनी मागे वळून पाहिले.

प्रसंग १९०१ सालचा. काही क्लबांनी नवाच पायंडा पाडायला सुरुवात केली होती. काठ्या आणि चेंडू विकण्याचे दुकान धंदेवाईक माणसाकडून काढून क्लबाने स्वतः चालवायचे किंवा दुसऱ्याला मक्त्याने द्यायचे. म्हणजे पगार थोडा तो थोडाच, आणि वरची मिळकतही गेली. ह्या अन्यायाविरुद्ध आपण एकत्र यायला हवे, असे पत्र एका धंदेवाईक माणसाने गोल्फच्या एका नियतकालिकात लिहिले. टेलर यांनी ते उचलून धरले. सगळ्यांना पत्रे गेली, बैठक भरली आणि लंडन व आसपासच्या परगण्यांतील धंदेवाईकांची संघटना उभी राहिली. टेलर अध्यक्ष झाले आणि ब्रेड कप्तान. लवकरच ती साऱ्या देशाची झाली. तीच 'प्रोफेशनल गोल्फर्स असोसिएशन', म्हणजे धंदेवाईक गोल्फपटूंचा संघ. आज जगात अशा संघटना पुष्कळ आहेत, पण पहिली ही.

तिचे उद्देश पाहिले की हे काम कसल्या माणसाच्या हातून झाले ते कळते. धंद्याचे हितसंबंध जपायचे. बेकार सभासदाला नोकरी शोधून द्यायची. अडल्यानडल्यासाठी मदतनिधी उभारायचा. सभा आणि सामने भरवायचे. आपल्याकडे सहकारी सोसायटी काढताना आपण जे बोलतो, तेच हे. एकट्याने सावकाराच्या दारात गेले तर हात जोडावे लागतात, दहाजण मिळून गेले तर बोलणे होते.

युनियन म्हटले की त्या काळच्या बड्या मंडळींच्या कपाळाला आठी पडे. टेलर यांनी भांडणाचा सूर लावला नाही. ते बोलण्यात वाकबगार होते. शाळा अकराव्या वर्षी सुटली होती, पण वाचन सुटले नव्हते. इंग्रजीतले नामांकित लेखक त्यांनी स्वतःच्या मेहनतीने वाचले. १९०२ साली गोल्फवर पुस्तक लिहिले. १९४३ साली आत्मचरित्र लिहिले, आणि तेही कोणा लेखनिकाच्या नव्हे, स्वतःच्या लेखणीने. सभेत उभे राहून क्लबाच्या चिटणिसाशी बरोबरीने बोलावे, एवढी भाषा त्यांनी कमावली होती. मंडळी, साक्षरता म्हणजे सहीपुरती अक्षरे नव्हेत. आपले म्हणणे समोरच्याला पटेल असे मांडता येणे, ही तिची पुढची पायरी. शिक्षकबंधूंनी हे उदाहरण मुलांना जरूर सांगावे.

संघटनेचे फळ लवकर दिसले. १९०१ सालीच लंडनजवळ टूटिंग बेक येथे संघाचा पहिला सामना झाला आणि तो टेलर यांनीच जिंकला. १९०३ साली एका मोठ्या साप्ताहिकाने संघाला भरघोस बक्षिसे देऊ केली आणि धंदेवाईकांची वार्षिक स्पर्धा सुरू झाली. तिचे पहिले बक्षीस ओपनच्या बक्षिसापेक्षाही मोठे होते. पहिल्या वर्षी ब्रेड जिंकले, दुसऱ्या वर्षी टेलर. क्लबाच्या मर्जीवर जगणाऱ्या माणसाला मिळकतीची स्वतंत्र वाट मिळाली, हे त्यातले महत्त्वाचे.

ह्याच काळात खेळाने मात्र टेलर यांची परीक्षा पाहिली. १९०२ साली नवा चेंडू आला. गाभ्याभोवती रबराचे धागे ताणून गुंडाळलेले आणि वर आवरण. हा चेंडू जुन्यापेक्षा लांब जाई. सँडी हर्ड ह्यांनी तो वापरून त्या साली ओपन जिंकली. सरळ, नेमक्या फटक्यावर मदार असणाऱ्या टेलर यांना ह्या उड्या मारणाऱ्या चेंडूशी जमवून घ्यावे लागले. १९०४, १९०५, १९०६ आणि १९०७, लागोपाठ चार वर्षे ते ओपनमध्ये दुसरे आले. १९०४ साली शेवटची फेरी त्यांनी ६८ टोल्यांत पुरी केली, जी त्या दिवसांत अचंबा वाटण्यासारखी होती. तरी एका टोल्याने हुकले. चार वर्षे पहिला नंबर तोंडापाशी येऊन जाणे म्हणजे काय, हे ज्याचे त्याला ठाऊक.

पण माणूस चिवट. १९०९ साली डील येथे, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ते चौथ्यांदा जिंकले. टोले २९५. गणिताची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक हिशेब करून पाहावा. १८९४ साली ३२६ आणि १९०९ साली २९५. बहात्तर भोकांनी भागले तर पहिल्या वेळी दर भोकाला सरासरी साडेचार टोले, दुसऱ्या वेळी चाराच्या थोडे वर. मैदाने निराळी होती हे खरे, पण चेंडू बदलला आणि हात मुरला, त्याचाही हा आकडा साक्षीदार आहे.

पाचवा विजय १९१३ सालचा, होयलेक येथला. प्रथम पात्रतेच्या फेऱ्या असत. त्यांत शेवटच्या भोकावर काही फुटांवरून चेंडू घालायचा होता. तो चुकला असता तर टेलर मुख्य स्पर्धेत आलेच नसते. चेंडू कसाबसा भोकात पडला. मग मुख्य स्पर्धा लागली आणि पाऊस आणि वाऱ्याने थैमान घातले. भलेभले खेळाडू भरकटले. टेलर यांनी टोपी डोळ्यांवर ओढली, हनुवटी पुढे काढली, जाड बूट जमिनीत रोवले आणि वाऱ्याखालून बुटके, सरळ फटके मारीत राहिले. आठ टोल्यांनी जिंकले. वय बेचाळीस. नॉर्दमच्या समुद्राकाठी अंगावर घेतलेला वारा इथे उपयोगी पडला.

पुढच्या वर्षी, १९१४ साली, प्रेस्टविकला व्हार्डन आणि टेलर शेवटच्या दिवशी एकाच जोडीत आले. दोघांच्याही नावावर पाच पाच विजय. सहावा कोणाचा, हे पाहायला लोकांची झुंबड उडाली. तीन फेऱ्यांनंतर टेलर दोन टोल्यांनी पुढे होते. शेवटच्या फेरीत चौथ्या भोकावर त्यांचा चेंडू ओढ्यात गेला आणि एकट्या त्या भोकाला सात टोले लागले. घडी विस्कटली. व्हार्डन तीन टोल्यांनी जिंकले. सहा वेळा ओपन जिंकण्याचा त्यांचा तो विक्रम आजपर्यंत कोणी मोडलेला नाही. त्यानंतर महायुद्ध सुरू झाले आणि पाच वर्षे ओपन भरलीच नाही. ह्या तिघांचे युग तिथे संपले.

येथे एखाद्या खेळाडूची हकीकत संपली असती. टेलर यांची संपत नाही. १९२१ साली कामकरी गोल्फपटूंच्या क्लबांची देशभरची संघटना उभी राहिली, तिच्या पाठीशी ते उभे राहिले. नॉर्दमचा मजुरांचा क्लब आपण लक्षात ठेवला आहे ना? तशा क्लबांचीच ही संघटना. गवंडी, सुतार, शेतमजूर ह्यांनी ठरावीक वेळी मैदानावर खेळावे, बदल्यात मैदानाचे थोडे काम करावे, अशी ती रीत. शिवाय कोणत्याही क्लबाचा सभासद नसलेल्या सामान्य माणसाला थोडी फी भरून खेळता यावे, म्हणून सार्वजनिक मैदाने हवीत, असा आग्रह त्यांनी धरला. लंडनच्या रिचमंड पार्कमध्ये १९२३ साली असे मैदान खुले झाले. त्याच्या उभारणीत टेलर यांचा हात होता. ज्या पोराला खेळायला साहेबाचे मैदान मोकळे होण्याची वाट पाहावी लागली, त्याने दुसऱ्या पोरांची ती वाट थोडी कमी केली.

१९३३ साली इंग्लंडातील साउथपोर्ट येथे ब्रिटन आणि अमेरिका ह्यांच्यात रायडर चषकाचा सामना झाला. ब्रिटिश संघाचे कप्तान टेलर. वय बासष्ट. ते स्वतः ह्या स्पर्धेत कधी खेळले नव्हते. त्यांनी आपल्या खेळाडूंना पहाटे उठवून समुद्रकिनाऱ्यावर पळायला लावले, कवायत करायला लावली. गोल्फपटूंना हे नवेच होते. सामना इतका अटीतटीचा झाला की शेवटच्या जोडीच्या शेवटच्या भोकावर निकाल लागला. साडेसहा विरुद्ध साडेपाच गुणांनी ब्रिटन जिंकले. त्यानंतर पुन्हा हा चषक जिंकायला ब्रिटनला १९५७ सालापर्यंत थांबावे लागले.

आता त्या बंद दाराचे काय झाले? ते एका दिवसात उघडले नाही. १९२० साली डीलच्या ओपनला अमेरिकेचे वॉल्टर हेगन आले, तेव्हाही धंदेवाईकांना क्लबात प्रवेश नव्हता. हेगन पडले अमेरिकन. त्यांनी भली मोठी मोटार भाड्याने घेतली, क्लबाच्या दारापुढे उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले. तो एक मार्ग. टेलर यांचा मार्ग निराळा. त्यांनी दारावर लाथ मारली नाही. पण दाराबाहेरच्या माणसांना एकत्र बांधले, त्यांना स्वतःची संस्था दिली, स्वतःचा निधी दिला. ज्याच्या पाठीशी संस्था आहे, त्याला फार काळ नोकरासारखे वागवता येत नाही. कोणता मार्ग बरा, ह्यावर वाद घालता येईल. पण हेगन ह्यांच्या मोटारीने लोकांचे डोळे उघडले असतील, तर आजारी आणि बेकार धंदेवाईकाच्या घरी चूल पेटवण्याचे काम टेलर यांच्या संघाने केले, एवढे म्हणता येते.

१९५०च्या सुमारास सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट ह्या क्लबाने टेलर यांना सन्माननीय सभासद करून घेतले. गोल्फचे नियम त्या काळी ठरवणारी ती संस्था. आणि १९५७ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांच्या गावच्या रॉयल नॉर्थ डेव्हन क्लबाने त्यांना आपला अध्यक्ष निवडले. ज्या मैदानावर ते काठ्यांची मोळी बगलेत मारून चालले, ज्याचे गवत त्यांनी कापले, त्याच क्लबाचे अध्यक्षपद. म्हातारपणी ते नॉर्दमलाच राहत होते, त्या गायरानापासून जवळच. तिथेच १० फेब्रुवारी १९६३ रोजी, ब्याण्णव वर्षे पुरी व्हायला थोडे दिवस असताना, त्यांचे निधन झाले.

मंडळी, अकरा वर्षांच्या पोऱ्याला त्या इमारतीच्या अध्यक्षपदापर्यंत पोचायला पंचाहत्तर वर्षे लागली. इतकी वर्षे का लागावीत, असे आपल्या मनात येईल. यावेच. पाच वेळा देशातला पहिला ठरलेल्या माणसालाही जर इतके थांबावे लागले, तर ज्यांचा नंबर कधीच आला नाही, त्यांचे काय झाले असेल? टेलर यांनी संघ काढला तो त्या माणसांसाठी. चषक कपाटात राहिले, पण संघ अजून चालू आहे.

आपल्या गावातही कोणी पोर कुस्तीत, कबड्डीत, धावण्यात पुढे जाते. त्याचा सत्कार आपण करतो, हार घालतो, मिरवणूक काढतो. ते योग्यच आहे. पण त्याच्या आखाड्यातली माती कोण कालवतो, मैदानावर चुन्याच्या रेषा कोण मारतो, त्याला पहाटे कोण उठवतो, हेही त्या दिवशी आठवावे. आणि त्या माणसाला हाक मारताना त्याच्या नावापुढे 'राव' लावावे. एवढे केले तरी टेलर यांची हकीकत ऐकल्याचे सार्थक झाले, असे मी म्हणेन.